रस्त्याची एकच बाजू

देवासात एके काळी रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. पवार घराण्यातले तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजीराव पेशव्यांच्या स्वाऱ्यांबरोबर माळव्यात आले, इथे स्थिरावले, आणि त्यांच्या वंशात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. भावाभावांच्या वाटण्या आपल्याला नवीन नाहीत, पण ही वाटणी थेट गावाच्या पोटातून गेली. मुख्य रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचा अंमल, दुसऱ्या अंगाला धाकटीचा. राजे दोन, वाडे दोन, कारभार दोन. टेकडी तेवढी एकच, पण तिच्यावरही देवीची ठाणी दोन : तुळजाभवानी आणि चामुंडा. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या तुकोजीराव तिसरे यांचा खासगी सचिव म्हणून काही महिने इथे राहिला. या दुहेरी संसाराची गंमत त्याने घरी धाडलेल्या पत्रांत लिहून ठेवली आणि १९५३ मध्ये ती पत्रं ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापून आली. तोवर दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन होऊन पाच वर्षं झाली होती आणि रस्ता एकाच सरकारचा झाला होता.

फोटोग्राफरने मात्र ती रेघ अजून वापरावी, असं माझं मत आहे.

कॅमेऱ्यात छत्तीस फ्रेमांचा रोल भरा, देवासच्या बाजारात या आणि ठरवा की आज रस्ता ओलांडायचा नाही. डाव्या हाताची बाजू आपली, उजवी परमुलखातली. पहिला काही वेळ चिडचिड होते, कारण जे काही घडतं ते सगळं पलीकडेच घडतंय असं वाटत राहतं. पलीकडे हातगाडीवाल्याचं भांडण, पलीकडे वरात, पलीकडे ऊन. आपल्याकडे सावली आणि अर्धवट उघडलेली शटरं. मग हळूहळू डोळा मुक्कामाला येतो. पोहे-जलेबीच्या दुकानातला पोऱ्या कढईतून झारा काढताना दर वेळी एक पाऊल मागे सरतो, हे लक्षात येतं. चांभाराकडे आलेली बाई एका पायावर उभी राहून तोल सावरायला कशाला हात लावते, ते दिसतं. पलीकडची बाजू मोकळी असती तर आपण या दोघांकडे एकेक क्लिक टाकून पुढे गेलो असतो.

अशा स्वतःच घालून घेतलेल्या नियमांचं हे प्रकरण आहे, आणि तेही कँडिड फोटोंच्या संदर्भात. म्हणजे माणूस पोज न देता आपल्या उद्योगात असताना टिपलेला फोटो. (हल्ली लग्नाच्या पॅकेजात कँडिडचा दर वेगळा असतो आणि नवरीला ‘तिकडे बघून हसा’ असं सांगून कँडिड काढतात. तो प्रकार इथे धरलेला नाही.)

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. फोटोग्राफीत नियम आधी यंत्राने घातले, माणसाने नंतर. लाला दीनदयाळ इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळात काचेवर कलोडियन ओतायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुऊन काढायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे, आणि माळव्यातल्या उन्हाळ्यात तर त्याहून लवकर. सोबत काळोखा तंबू, बाटल्या, काचा आणि ते वाहायला माणसं. उघडीप, म्हणजे एक्स्पोजर, काही सेकंदांची. इतक्या वेळात जो हलला तो धूसर झाला. ब्रिटिश एजंट लेपेल ग्रिफिन याचा मध्य भारतातल्या स्मारकांवरचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला. त्यातले दीनदयाळांचे फोटो पाहिले की दगड कसा बोलतो ते कळतं. रस्त्यावरचा माणूस मात्र त्या काळाच्या कॅमेऱ्याला पेलण्यासारखा नव्हताच.

पुढे आपल्या मध्यमवर्गीय घरांत आगफा क्लिक-३ आला. बडोद्यात बनणारा हा डबा ज्यांच्या घरी होता त्यांना आठवेल : एका रोलमध्ये चौकोनी फोटो बारा, शटरचा वेग एकच, आणि ऊन की ढग एवढंच ठरवायचं. बारा फोटोंत अख्खी मुंज उरकायची म्हणजे काय, हे त्या काळच्या मामालोकांना विचारा. मातृभोजनाचा एक, भिक्षावळीचा एक, आजीचा एक, आणि शेवटचा ‘रोल संपवायला’ म्हणून काढलेला मांजराचा किंवा अंगणातल्या नळाचा. गंमत अशी की आज जुने अल्बम काढले की तो रोल संपवायला काढलेला फोटोच पुष्कळदा सगळ्यांत जिवंत निघतो. त्यात कुणाला फोटोसाठी उभं केलेलं नसतं.

जे गंभीरपणे काम करत त्यांचीही ओढाताण वेगळी नव्हती. परदेशी फिल्म आयातीच्या कटकटीत अडकलेली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ मिळे, पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ मिळे. मग शंभर फुटांचा डबा आणायचा आणि काळ्या चेंजिंग बॅगेत हात घालून, दिसत काही नसताना, जुन्या डब्यांत फिल्म भरत बसायचं. शंभर फुटांत छत्तीस फ्रेमांचे साधारण अठरा रोल निघतात. शेवटचा जरा तोकडाच भरतो. अशा माणसाला ‘विचार करून क्लिक कर’ हे सांगावं लागत नसे.

हे सगळं सांगायचं कारण असं की टंचाई आणि नियम यांत लोक गल्लत करतात. टंचाईत निवड नसते. खिशात पैसे नसताना केलेली एकादशी आणि ताट समोर असताना केलेली एकादशी यांत जो फरक, तोच इथे. आज खिशातल्या फोनवर हजारो फोटो फुकट निघतात. तरीही कुणी फिल्मचा कॅमेरा घेतो, एकच लेन्स लावतो, एकच रोल बरोबर नेतो. त्याचं ताट समोर आहे. म्हणूनच त्याने काय सोडलं आणि त्यातून काय मिळवलं, हा प्रश्न विचारण्यासारखा होतो.

कँडिड फोटोचं घराणं ज्याच्यापासून मोजतात तो एरिश सालोमन हा बर्लिनचा वकील. त्याच्याकडे एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा होता. काचा घालाव्या लागत, पण लेन्स त्या काळच्या मानाने इतकी प्रकाश घेणारी की फ्लॅशविना खोलीतले फोटो निघत. १९२८ मध्ये त्याने बर्लिनच्या कोर्टात टोपीत कॅमेरा लपवून खटल्याचे फोटो काढले आणि नंतर युरोपभरच्या मुत्सद्द्यांच्या बैठकांत तो असाच शिरत राहिला. १९३१ च्या पॅरिसमधल्या एका फोटोत फ्रेंच मंत्री ब्रियाँ त्याच्याकडे बोट दाखवून ‘सापडला!’ अशा आविर्भावात हसताना दिसतो. सालोमनचा नियम सरळ होता : फ्लॅश नाही, पोज नाही. ज्यू असल्यामुळे १९४४ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत त्याचा अंत झाला.

दरम्यान १९२५ मध्ये लायका बाजारात आला. ऑस्कर बार्नाक या तंत्रज्ञाने सिनेमाची पस्तीस मिलिमीटर फिल्म आडवी घालून २४ बाय ३६ मिलिमीटरची फ्रेम केली, आणि एका डब्यात छत्तीस फोटो हे पुढे जगभरचं माप ठरलं. या लायकावर हेन्री कार्तिए-ब्रेसाँने जे नियम लादून घेतले त्यांची पोथी आजही वाचली जाते. पन्नास मिलिमीटरची लेन्स, फ्लॅश नाही, कॅमेऱ्याची चकाकणारी धातूची पट्टी काळ्या टेपने झाकलेली, आणि प्रिंट करताना कातरकाम नाही. निगेटिव्हची काळी कड प्रिंटमध्ये दिसली पाहिजे, म्हणजे कापलेलं नाही याचा पुरावा. १९४७-४८ मध्ये तो भारतात होता. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना भेटून तो निघाला आणि थोड्याच वेळात त्यांची हत्या झाली.

या पोथीबद्दल बोलताना भक्त मंडळी एक गोष्ट हळूच गाळतात. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा त्याचा जो जगप्रसिद्ध फोटो, तो कातरलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांमधून लेन्स घालून तो घेतला होता आणि एका बाजूला फळी आली होती. ती त्याने कापली. मला यात ढोंग दिसत नाही. उलट नियम करणारा माणूस फोटोला नियमापेक्षा मोठं मानत होता, हे कळून बरं वाटतं.

वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवला. शटरची तार बाहीतून हातात घेतली आणि समोरच्या बाकावर बसेल त्याचा फोटो काढला. व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं बंद, फ्लॅश बंद, जागा बदलणं जवळजवळ बंद. मिळालेले चेहरे विलक्षण आहेत : कुणीही कुणासाठीही चेहरा केलेला नाही. पण त्याहून विलक्षण म्हणजे त्याने हे फोटो पुस्तकरूपाने १९६६ पर्यंत बाहेर काढले नाहीत. लोकांच्या नकळत घेतलेलं आहे, तेव्हा काळ जाऊ द्यावा, अशी ती बोच असावी.

आपल्याकडचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं ते रघुबीर सिंग यांचं. जयपूरचा हा माणूस आयुष्यभर रंगीत फिल्मवर काम करत राहिला, तेही कलादालनं काळ्या-पांढऱ्यालाच कला मानत होती त्या काळात. त्यांच्या निधनानंतर २००२ मध्ये ‘अ वे इंटू इंडिया’ हे पुस्तक आलं. त्यात सबंध देश अॅम्बेसेडर मोटारीच्या संगतीने पाहिलेला आहे. मोटारीच्या खिडकीतून, काचेतून, आरशात, दाराच्या चौकटीत. हिंदुस्थान मोटर्सची ती गोलमटोल गाडी प्रत्येक चित्रात कुठेतरी आहेच. नियम ऐकायला पोरकट वाटतो. पाहताना मात्र रस्ता, गर्दी, पाऊस, देवळं हे सगळं त्या एका चौकटीच्या धाकात येतं आणि वेगळंच दिसू लागतं. बाहेर काय आहे आणि आत काय आहे, हा प्रश्न प्रत्येक फोटोत आपोआप उभा राहतो.

आता हे प्रत्यक्षात चालतं कसं, ते देवासच्या टेकडीवर पाहू. नवरात्रात इथे पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नसते, म्हणून एखादा साधा मंगळवार धरा. कॅमेऱ्यात ४०० आयएसओची काळी-पांढरी फिल्म, लेन्स पस्तीस मिलिमीटरची. आपला नियम असा की पायऱ्या चढताना फोकसच्या कड्याला हात लावायचा नाही. वर निघण्याआधी लेन्सवर अॅपर्चर ८ ठेवा आणि फोकस तीन मीटरवर. प्रकाशशास्त्राचा हिशेब सांगतो की आता साधारण दोन मीटरच्या अलीकडपासून सात मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं रेखीव येईल. झाडांच्या सावलीत शटर अडीचशेवर. भर उन्हात अॅपर्चर १६ आणि शटर पाचशे. फिल्मचा आयएसओ जितका, साधारण तितकाच शटरचा वेग, हा जुन्या लोकांचा ठोकताळा. अॅपर्चर १६ वर फोकस निघण्याआधीच अडीच मीटरला आणून ठेवला तर सव्वा मीटरपासून पुढचं जवळजवळ सगळंच हाती येतं. प्रकाश मोजायचं मीटर बघायची गरज नाही.

एवढं केल्यावर तुमच्याकडे ठरवायला उरतं काय? फक्त अंतर आणि क्षण. नारळाच्या दुकानापाशी एक म्हातारा गृहस्थ चपला काढून, त्या उचलून, कुठे ठेवाव्यात याचा विचार करतोय. चपला हातात, नजर दुकानदारावर : हा सांभाळेल का? हा क्षण फार तर दोन सेकंदांचा. फोकसचं कडं फिरवत बसलात तर चपला जमिनीवर गेलेल्या असतात. कडं आधीच लावलेलं असल्यामुळे तुम्ही दोन पावलं पुढे होता आणि दाबता. यंत्राचे सगळे निर्णय घरूनच घेऊन आल्यामुळे डोळा माणसाकडे राहतो. नियमाचं खरं काम हेच आहे. फोटोग्राफीतला ऐनवेळचा अर्धा गोंधळ हा बोटांचा असतो, आणि तो नियमाने मिटतो.

एकच लेन्स वापरण्यामागेही हेच. वर्षभर पस्तीस मिलिमीटरशी संसार केला की कुठे उभं राहिलं म्हणजे किती मावेल, हे कॅमेरा न उचलताच कळू लागतं. झूम लेन्सवाल्याचे पाय एका जागी राहतात आणि हात फिरतात. एका लेन्सवाल्याला चालावं लागतं, आणि चालल्यामुळे तो माणसांच्या जवळ जातो. याचा पुढे संबंध येणार आहे.

देवास म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात टेकडीखालचं ‘भानुकुल’, म्हणजे गायक कुमार गंधर्वांचं घर, आलंच असेल. कुमार गंधर्व १९४८ च्या सुरुवातीला क्षयाच्या आजारपणात इथे हवापालटासाठी आले आणि काही वर्षं गाणं बंद होतं. फुप्फुसाची ताकद गेल्यावर त्यांची गायकी छोट्या छोट्या तानांची झाली, असं सांगायची पद्धत आहे आणि त्यावरून मर्यादेतून कला फुलते असा निष्कर्षही पटकन काढला जातो. मला तो निष्कर्ष फार सोपा वाटतो. आजार त्यांनी निवडला नव्हता. निवडलं ते त्या सक्तीच्या विश्रांतीत माळव्यातल्या बायकांची गाणी कान देऊन ऐकणं, आणि ऐकलेलं रागाच्या अंगाने पुन्हा पाहणं. फोटोग्राफरला त्यांच्याकडून घ्यायचंच असेल तर ते एवढंच घ्यावं, आणि तेही पुरे.

धारला गेलं की नियमांची दुसरी जात समोर येते. धार शहरात फोटोग्राफरला तसा त्रास कमी. लाट मशिदीच्या आवारात, १४०५ च्या त्या वास्तूबाहेर, लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत. पोरं त्यांच्याभोवती खेळतात आणि तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मांडूला गेलात तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिपाई लावता येत नाही. कँडिडवाल्याला तिचं काही सोयरसुतक नाही. (देवासात बँक नोट प्रेसच्या आसपास मात्र कॅमेरा पिशवीतच ठेवा, तिथला नियम तुमचा नाही.) खरा प्रश्न उभा राहतो तो होळीच्या आधीच्या आठवड्यात, कुक्षी, बाग, गंधवानी, डही या भागातल्या भगोरिया हाटांत.

भगोरिया म्हणजे होळीआधीचा शेवटचा आठवडी बाजार. होळीसाठी सामान घ्यायला भिल्ल आणि भिलाला गावंच्या गावं उतरतात. मोठमोठे मांदल, थाळी, पावा, एकसारखे कपडे घातलेले मुलींचे घोळके, चांदीचे जड दागिने, पाळणे, पान, कुल्फी. याच्यावर शहरातल्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं ‘मुलगी पळवण्याचा सण’ अशी गोष्ट चिकटवून ठेवली आहे. आदिवासी संघटनांनी तिला पुनःपुन्हा हरकत घेतली आहे. आणि त्या गोष्टीपायी दर वर्षी लांब लेन्सा लावलेले फोटोग्राफर येतात, गाडीच्या टपावर चढतात, पन्नास फुटांवरून नाचणाऱ्या मुलींचे चेहरे खेचतात. मग हे फोटो ‘कँडिड’ म्हणून स्पर्धांत बक्षिसं घेतात.

इथे अॅपर्चरचा नियम कामाचा नाही. इथला नियम अंतराचा आहे : पस्तीस किंवा पन्नास मिलिमीटरपेक्षा लांब लेन्स नाही. छोट्या लेन्सने चेहरा टिपायचा तर हाताच्या अंतरावर जावं लागतं, आणि हाताच्या अंतरावर गेलं की समोरच्या मुलीला तुम्ही दिसता. ती मान फिरवू शकते, ओढणी पुढे घेऊ शकते, मैत्रिणीच्या कानात काहीतरी बोलून तुमच्यावर हसू शकते, किंवा तिचा भाऊ येऊन ‘काय चाललंय’ विचारू शकतो. तुम्ही नजरेच्या टप्प्यात असलात की नकार देण्याची सोय तिच्याकडे राहते. फोटो कँडिडच राहतो, फक्त तो चोरीचा राहत नाही.

सालोमन आणि इव्हान्स तर लपूनच काढत होते, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण सालोमन ज्यांच्यापासून लपला ते मुख्यतः देशांचे मंत्री होते. ज्यांच्याकडे सत्ता आहे त्यांच्या पाठीमागे कॅमेरा नेणं आणि ज्यांच्याबद्दल आधीच खोटी गोष्ट पसरलेली आहे त्यांच्या पाठीमागे नेणं, या एकाच तराजूत घालायच्या गोष्टी नाहीत. इव्हान्सचं म्हणाल तर त्याने निदान काही दशकं थांबायची किंमत मोजली.

लांब लेन्स टाकल्याने फोटो हुकतात का? हुकतात, पुष्कळ हुकतात. मांदलाच्या ऐन घाईत रोल संपतो, फिल्म गुंडाळून नवी भरेपर्यंत नाचाचा फेरा पुढे सरकलेला असतो. मुलीने तोंड फिरवलं की तो फोटो गेला. पण हुकलेल्या फोटोंवरूनच नियमाची परीक्षा होते. ज्या नियमापायी तुमचा एकही फोटो कधी गेला नाही, तो नियम नव्हताच. ती तुमची सवय होती किंवा मिरवण्याची तऱ्हा.

मिरवण्याच्या तऱ्हा सध्या पुष्कळ आहेत. ‘मी फक्त फिल्मवर काढतो’ हा नियम ऐकायला छान, पण फिल्मवर काढलेला कंटाळवाणा फोटो हा कंटाळवाणाच असतो, फक्त महाग. ‘मी फक्त काळ्या-पांढऱ्यात’ हेही तसंच. काळ्या-पांढऱ्याचा उपयोग कुठे होतो ते ओळखायला बागमध्येच एक चांगला धडा मिळतो. तिथली खत्री मंडळी लाकडी ठशांनी कापड छापतात आणि बाघिनी नदीच्या पाण्यात धुतात. परंपरेने रंग मुख्यतः दोन : तुरटी आणि अॅलिझरिनचा लाल, लोखंडाच्या क्षाराचा काळा. रंग दोनच असल्यामुळे सगळी हुशारी ठशाच्या मांडणीत, रेषेत आणि मोकळ्या सोडलेल्या पांढऱ्यात जाते. काळ्या-पांढऱ्या फोटोतही सगळं काम आकार आणि उजेडावर पडतं. ते पेलत असेल तरच तो नियम घ्यावा. भगोरियासारख्या ठिकाणी, जिथे एका गावाच्या मुलींचे कपडे एका रंगाचे आणि दुसऱ्या गावाचे दुसऱ्या, तिथे रंग काढून टाकणं म्हणजे माहितीच काढून टाकणं. तिथे मी रघुबीर सिंगांच्या बाजूने उभा राहीन.

क्लिक झाल्यावरचे नियमही असतात, आणि त्यांच्याकडे कमी लक्ष दिलं जातं. न्यूयॉर्कचा गॅरी विनोग्रँड काढलेला रोल वर्ष-वर्ष धुवायचा नाही. काढतानाचा आनंद विसरला गेला पाहिजे, म्हणजे फोटो चांगला आहे की नुसती ती संध्याकाळ चांगली होती, हे वेगळं करता येतं. विचार पटण्यासारखा आहे, फक्त तो अतिरेकाला गेला : १९८४ मध्ये तो वारला तेव्हा जवळपास अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते. त्यातून माळव्यात हा नियम जसाच्या तसा उचलता येत नाही. उघडीप झालेली फिल्म उन्हाळ्यात कपाटावर पडली तर उष्णतेने तिच्यावर धुकं चढतं. थांबायचं असेल तर डबा हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा, किंवा सरळ धुऊन घ्या आणि पाहायला थांबा. धुतानाही डेव्हलपर वीस अंशांचा लागतो. मे महिन्यात टाकीतलं पाणी त्याच्या कितीतरी वर असतं, म्हणून बर्फाच्या पाण्यात बाटली बुडवून ते उतरवावं लागतं. तापमान एकेका अंशाने वाढलं की धुण्याचा वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटतो.

विल्यम एगलस्टन एका विषयाचा एकच फोटो काढतो. दुसरा काढला की कुठला निवडायचा याचा घोळ होतो, म्हणून. हा नियम मला नवशिक्यांसाठी फार कडक वाटतो. छत्तीसच्या छत्तीस फ्रेमांचं कॉन्टॅक्ट शीट काढून, कुठल्या फ्रेमला आपण एक पाऊल आधी थांबलो आणि कुठल्या फ्रेमला उगाच गेलो, हे भिंगातून पाहण्यात जो अभ्यास होतो तो एकेका फोटोत होत नाही. आणि काही कामांत क्लिकपेक्षा मुक्कामच मोठा असतो. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक पाहिलं की कळतं, फडाबरोबर राहिल्याशिवाय रंगमंचामागचं आयुष्य कॅमेऱ्यासमोर उघडं होत नाही. ओळख झाल्यावर पोज गळून पडते. हा कँडिडचा दुसरा रस्ता, आणि लपण्यापेक्षा चांगला.

म्हणून नियम करायचाच असेल तर फार नकोत, दोन पुरेत. एक यंत्रावरचा : एक लेन्स, एक रोल, फोकस ठरलेला. एक स्वतःवरचा : मी दिसलो पाहिजे. त्यांना मुदत घाला, एक हंगाम किंवा एक गाव, आणि मुदत संपली की त्यांच्याकडे पाहा. डोळा त्यांच्यावर रेलून झोपी गेला असेल तर मोडून टाका.

आणखी एक गोष्ट करा, तिला नियम म्हणा किंवा रीत म्हणा. ज्याचा फोटो चांगला आला त्याला त्याची प्रिंट द्या. देवासच्या बाजारात हे सोपं आहे, दुकानं जागेवरच असतात. धार जिल्ह्यातही वाटतं तितकं अवघड नाही. होळी सरली तरी हाट सरत नाहीत. कुक्षीचा काय, बागचा काय, दर आठवड्याला ठरल्या वारी भरतो आणि त्याच गावांची माणसं येतात. प्रिंट घेऊन त्या वारी जा.